व्यसनोपचाराच्या चाचण्या केंद्रांपर्यंत कशा आल्या

१९९८ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेने एक अडचणीची गोष्ट अहवालात मांडली. व्यसनावरचं संशोधन विद्यापीठांत होतं, रुग्ण वस्तीतल्या केंद्रांत जातात आणि या दोघांची गाठ क्वचितच पडते.

दुरावा जुना होता. व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वांडर यांनी न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या रुग्णांना रोज मेथाडोन हे हेरॉइनची तलफ शमवणारं औषध देऊन त्याचे निष्कर्ष १९६५ सालीच छापले होते. पण मेथाडोन कडक नियमांच्या वेगळ्या दवाखान्यांपुरतं राहिलं. बाकीची बहुतेक केंद्रं मुळात वैद्यकाच्या बाहेर वाढलेली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या स्वमदत गटांचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम, गटबैठका आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले समुपदेशक हा त्यांचा पाया. एक नशा सोडवायला दुसरं औषध द्यायचं, हे तिथे अनेकांना पटत नसे. त्यांची नाराजी निव्वळ हट्टाची होती असं मात्र मला वाटत नाही. विद्यापीठातल्या चाचण्यांत दारूही पिणारे, नैराश्य असलेले, दोन-तीन पदार्थ घेणारे रुग्ण बहुधा वगळले जात. आणि केंद्रांच्या दारात रोज उभे असत ते नेमके हेच.

अहवालानंतर वर्षभरात, १९९९ मध्ये, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज या अमेरिकी सरकारच्या व्यसन-संशोधन संस्थेने 'क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्क' हे चाचण्यांचं जाळं सुरू केलं. तेव्हा संस्थेचे संचालक होते ॲलन लेशनर. रचना अशी, की एका विद्यापीठाभोवती आसपासची अनेक केंद्रं जोडायची आणि कारभार पाहणाऱ्या समितीत संशोधकाच्या बरोबरीने केंद्राचाही प्रतिनिधी बसवायचा. कोणत्या प्रश्नावर चाचणी घ्यायची, यात केंद्रांना मत मिळालं, हा माझ्या मते यातला खरा बदल.

पहिल्या चाचण्यांची निवडही बोलकी आहे. ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोन हे हेरॉइनसारख्या नशेची तलफ शमवणारं औषध तपासायचं होतं, पण वर्षानुवर्षे चालू ठेवण्यासाठी नव्हे. १३ दिवसांत शरीरातून नशा उतरवण्यासाठी. औषधाला बिचकणाऱ्या केंद्रांनाही एवढं चालण्यासारखं होतं. २००५ मध्ये निकाल छापून आला. केंद्रात भरती असलेल्यांपैकी ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या ७७ टक्के रुग्णांना हा टप्पा यशस्वीपणे पार करता आला, तर नशा सोडतानाचा त्रास कमी करणाऱ्या क्लोनिडिन या जुन्या औषधावरच्या फक्त २२ टक्क्यांना. घरून येणाऱ्यांत हेच आकडे २९ आणि ५.

दुसरा प्रयोग औषधाचा नव्हताच. कोकेन किंवा मेथॅम्फेटामिन घेणाऱ्याची लघवीची तपासणी स्वच्छ आली, की त्याने भांड्यातून चिठ्ठ्या काढायच्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, बाकीच्यांवर लहानमोठी बक्षिसं. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांनी ही पद्धत बसवली ती खर्चाकडे पाहून, कारण आधीची, स्वच्छ तपासणीबद्दल वस्तूंसाठी व्हाउचर देण्याची पद्धत गुणकारी असली तरी केंद्रांना झेपणारी नव्हती. १२ आठवड्यांत माणशी सुमारे २०३ डॉलरची बक्षिसं लागली आणि रुग्ण उपचारात जास्त काळ टिकले. चिठ्ठ्यांचा खेळ म्हणून याला हसणारेही होते.

पुढे प्रश्न मोठे होत गेले. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या चाचणीत आठ केंद्रांतल्या ५७० रुग्णांवर महिन्यातून एकदा टोचायचं, हेरॉइनसारख्या पदार्थांचा परिणामच अडवणारं नाल्ट्रेक्सोन आणि रोजचं ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोन यांची थेट तुलना झाली. एकदा सुरू झाल्यावर दोन्ही जवळपास सारखीच उपयोगी पडली. मात्र नाल्ट्रेक्सोनसाठी आधी शरीरातली नशा पूर्ण उतरावी लागते, आणि २८ टक्के रुग्ण त्या पहिल्या इंजेक्शनपर्यंत पोहोचलेच नाहीत.