विभेदी कूटविश्लेषण
ब्लॉक सायफरची (मजकूर ठरावीक लांबीच्या तुकड्यांत, अनेक फेऱ्यांमधून कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीची) गुप्त किल्ली शोधून काढण्याची एक पद्धत. हल्लेखोराला स्वतः निवडलेले मजकूर त्याच किल्लीने कूटबद्ध करून मिळतात, असे तिच्यात गृहीत धरतात. ठरावीक फरक असलेल्या मजकुरांच्या जोड्या घेऊन तो फरक फेरीगणिक कसा बदलतो, याचा माग काढला जातो. फरक बहुधा एक्सऑर क्रियेने मोजतात (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०).

पद्धतीचे मर्म असे : किल्लीचे बिट मजकुराशी एक्सऑरने जोडले जात असतील, तर जोडीतील दोन्ही मजकुरांना तीच किल्ली लागते आणि फरकातून ती गळून पडते. फरकाचा मार्ग अनिश्चित होतो तो एस-बॉक्समध्ये, म्हणजे बिटांच्या एका गटाऐवजी दुसरा गट देणाऱ्या कोष्टकात. पण तेथेही सर्व शक्यता सारख्या नसतात. डीईएस या आयबीएमने रचलेल्या अमेरिकी प्रमाण सायफरच्या पहिल्या एस-बॉक्समध्ये षोडशमान पद्धतीतील ३४ हा आदान-फरक ६४ पैकी १६ वेळा २ हा प्रदान-फरक देतो. कित्येक प्रदान-फरक मात्र कधीच देत नाही. असे झुकाव एकापुढे एक जोडून शेवटच्या फेऱ्यांपर्यंतचा संभाव्य मार्ग आखतात. मग अखेरच्या फेरीतील किल्लीचे बिट अंदाजाने धरून उलट गणित करतात. पुरेशा जोड्या तपासल्या, की खरी किल्ली मतमोजणीत पुढे सरकते.

इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधील एली बिहाम व आदी शमीर यांनी १९९० च्या सुमारास ही पद्धत प्रसिद्ध केली. फील-४ या जपानी सायफरवर शॉन मर्फी यांनी १९९० मध्येच अवघ्या २० निवडक मजकुरांनिशी केलेला हल्लाही काही जण याच जातीचा मानतात. डीईएस मात्र अनपेक्षितपणे चिवट निघाले. त्याच्या एस-बॉक्सचा नुसता क्रम बदलला तरी ते बरेच दुबळे होऊ शकते, असे बिहाम-शमीर यांना आढळले. याचा उलगडा १९९४ मध्ये झाला. आयबीएमच्या रचनाकारांना ही पद्धत १९७४ मध्येच ठाऊक होती आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेशी (एनएसए) चर्चेनंतर ती गुप्त ठेवली गेली, असे त्या गटातील डॉन कॉपरस्मिथ यांनी लिहिले. आयबीएममध्ये तिला ‘टी-हल्ला’ म्हणत. एनएसएला ती त्याही आधी अवगत असावी, असे मत आहे व ते संभवनीय दिसते. प्रसिद्धीचा मान बिहाम-शमीर यांचाच असून त्यांचा शोध स्वतंत्र मानणे युक्त ठरेल. एस-बॉक्समध्ये चोरवाट ठेवल्याचा १९७० च्या दशकातील संशय निदान या हल्ल्यापुरता उलटा ठरला.

सोळा फेऱ्यांच्या संपूर्ण डीईएसवरील हल्ल्याला (१९९२) २ चा ४७ वा घात, म्हणजे सुमारे १४० लाख कोटी निवडक मजकूर लागतात. एका किल्लीखाली इतके मजकूर मिळवणे व्यवहारात जवळजवळ अशक्यच. मित्सुरू मात्सुई यांच्या रेषीय कूटविश्लेषणाला २ चा ४३ वा घात इतके ज्ञात (हल्लेखोराने न निवडलेले, पण कूटरूपासह हाती आलेले) मजकूर पुरतात. डीईएसच्या जागी आलेल्या एईएस या सायफरची रचना दोन्ही हल्ले गृहीत धरून केलेली आहे : कोणत्याही चार फेऱ्यांत फरकाला किमान २५ एस-बॉक्समधून जावे लागते. खंडित विभेद, अशक्य विभेद व बूमरँग हे विभेदी कूटविश्लेषणाचे नंतरचे प्रकार होत.