उत्साह मागाहून येतो

आमच्या आत्याला डिप्रेशन आलं तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण तिला सांगायचा, "मनाला उभारी दे." ती मान हलवायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. उभारी आणायची कुठून, हे मात्र कुणी सांगायचं नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, झोप थोडी सुधारली होती. पण स्वतःपुरता चहा टाकायलाही ती उठत नव्हती. मग शेजारच्या काकू रोज संध्याकाळी पाचला दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या, हातात दुधाची पिशवी. "वहिनी, चला, डेअरीपर्यंत जाऊन येऊ." त्यांनी कधी समजावलं नाही की खोदून विचारलं नाही. पहिले चार दिवस आत्या गेलीच नाही. पाचव्या दिवशी गाऊनवर ओढणी टाकून गेली आणि परत आल्यावर काही न बोलता आडवी झाली. सहाव्या दिवशी काकू पुन्हा हजर.

काकूंनी मानसशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नसेल, पण त्या जे करत होत्या त्याला शास्त्रात नाव आहे: बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. आपली समजूत अशी असते की आधी मन ताजं होतं, मग हातपाय हलतात. डिप्रेशनमध्ये हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी हातपाय, मन मागाहून.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ल्यूइन्सन यांनी 1970च्या दशकात यामागचं चक्र मांडलं. मन उदास झालं की माणूस कामं आणि माणसं टाळतो. टाळल्यावर तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं अधिकच सोपं जातं. पण बाहेर पडलं नाही तर कुणी हसून बोलत नाही, हातून काही पुरं होत नाही, दिवसभरात मनाला जे थोडंफार मिळायचं तेही आटतं. मग उदासी आणखी दाटते. हा आळस नव्हे. चार दिवस तापाने पडलेल्या माणसाला आपण आळशी म्हणत नाही, तसंच हे.

1996 साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. नकारात्मक विचार तपासून ते बदलायला शिकवणारी संपूर्ण उपचारपद्धती त्यांनी काही रुग्णांना दिली, तर काहींना त्यातला फक्त कृतीचा भाग दिला. कृतीवाला गट मागे पडला नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो. कारण विचारांची उलटतपासणी घ्यायला तज्ज्ञ लागतो, पण पाच वाजता दार वाजवायला तज्ज्ञ लागत नाही.

हेच आपल्या शेजारी, गोव्यात, नीट तपासून झालं आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगथ' या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र डिप्रेशनचे 495 रुग्ण निवडले. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज सहा ते आठ भेटी मिळाल्या, आणि त्या भेटी घेणारे होते तिथलेच साधे लोक, मानसोपचाराची पदवी नसलेले, खास प्रशिक्षण दिलेले. तीन महिन्यांनी फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, तर भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के. हे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि वर्षभरानंतरच्या तपासणीतही फायदा टिकलेला दिसला. अर्थात 64 म्हणजे शंभर नव्हे. ज्यांना एवढ्याने बरं वाटलं नाही ते कुठे कमी पडले असं मुळीच नाही, त्यांना आणखी उपचारांची गरज होती.

अशा भेटींत होतं काय? मोठी ध्येयं ठेवत नाहीत. "रोज व्यायाम करीन" हे डिप्रेशनमधल्या माणसासाठी डोंगराएवढं असतं. त्याऐवजी "सकाळी आठ वाजता तोंड धुऊन दहा मिनिटं अंगणात बसीन." काय, किती वाजता, कुठे, कुणासोबत, सगळं ठरलेलं. वाटो न वाटो, करायचं. आणि केल्यावर कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. हे लिहिणं फार कामाचं आहे, कारण डिप्रेशन आठवणीतही ढवळाढवळ करतं. वाईट तेवढं ठळक आठवतं, बरं गेलेलं पुसट होतं. "अख्खा आठवडा वाया गेला" म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्याच अक्षरात दिसतं की मंगळवारी, बहिणीचा फोन आला तेव्हा, अर्धा तास बरा गेला होता. मग पुढच्या आठवड्यात तो फोन आपणच लावायचा, हे तिथून सुचतं.

सोबत करणाऱ्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. "बघ, तो कसा यातून बाहेर आला" अशी उदाहरणं सुरुवातीला देऊ नका, त्यातून बहुधा अपराधीपणच वाढतं. काम छोटं करा आणि स्वतः बरोबर चला. नकार आला तर रुसू नका, उद्या पुन्हा विचारा. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू देऊ नका. जगणं नकोसं झाल्याचं बोलणं आलं तर ते मनावर घ्या, माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 'टेलिमानस'च्या 14416 या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

आत्याला किती दिवसांनी फरक पडला, हे मला नेमकं सांगता येणार नाही. एक संध्याकाळ मात्र आठवते. ती डेअरीवरून परतली तेव्हा दुधाच्या पिशवीसोबत कोथिंबिरीची जुडी होती. "वीस रुपये म्हणत होता," ती आईला सांगत होती, "मी पंधराला मागितली." मग पेपर पसरून ती जमिनीवर बसली आणि कोथिंबीर निवडू लागली.