रेक्झिन आणि पीयू लेदर : जुन्या गाडीच्या सीटला नेमकं काय चढवायचं?

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही सीट कव्हरच्या दुकानात जाऊन "लेदर दाखवा" म्हटलं की समोर दोन रोल उलगडतात. दोन्हींवर चामड्यासारखे दाणे, दोन्ही काळे किंवा तपकिरी, दोन्हींना दुकानदार 'लेदर' म्हणतो. भाव मात्र वेगळे. महागातला रोल हाताला मऊ लागतो, म्हणून घरी जुनी पद्मिनी गाडी किंवा जीप नव्याने उभी करणारा माणूस बहुतेक वेळा तोच उचलतो. आणि तिथेच फसतो.

दोन्हींत चामड्याचा अंशही नसतो. स्वस्त रोल पीव्हीसीचा, म्हणजे आपलं रेक्झिन. महाग रोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयू. दाणे दोन्हींवर साच्यानेच उमटवलेले असतात, तेव्हा नुसतं पृष्ठभाग बघून काही कळत नाही. 'रेक्झिन' हा शब्द मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या एका कंपनीचा मार्का. त्यांचं कापड सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेलं होतं, आजच्या पीव्हीसीशी त्याचा संबंध नाही. नाव तेवढं मागे राहिलं. पद्मिनी, अँबेसेडर आणि जुन्या जीपच्या सीटवर हेच विनाइलचं रेक्झिन चढत आलं आहे.

दोन्ही खराब कशी होतात

खरा फरक आहे तो इथे.

पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक. नळाचे पाइप त्याचेच. ते सीटवर वाकतं याचं कारण त्यात मिसळलेलं तेलासारखं द्रव्य, प्लास्टिसायझर. मऊ रेक्झिनच्या थरात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तोच असतो. उष्णतेने तो हळूहळू बाहेर पडतो. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट, चिकट पडदा धरतो, त्यात बराच भाग याचाच. प्लास्टिसायझर कमी होत गेला की रेक्झिन आधी ताठर होतं, मग शिलाईच्या कडेला आणि बसण्याच्या घडीवर तडे जातात. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, बंद गाडीच्या आत ६० च्या वर जातो, आणि मागच्या काचेखालची सीटची वरची कड तर त्याहून तापते. म्हणून तडे तिथेच आधी दिसतात. पण हे सगळं संथ असतं. बऱ्यापैकी रेक्झिन सावलीत उभ्या गाडीत दहा-पंधरा वर्षं सहज काढतं.

पीयूला असं तेल लागत नाही. ते मुळातच मऊ. त्याचा शत्रू ओलावा. बाजारातला बहुतेक पीयू पॉलिएस्टर जातीचा असतो, आणि हवेतल्या दमटपणाने त्याच्या साखळ्या तुटत जातात. उष्णता ही तोड आणखी वेगाने घडवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भट्टी आणि जूनपासून चार महिने दमट हवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त, तिथे हे अधिकच जाणवतं. चार-पाच वर्षांत वरची कातडी आधी चिकट होते, मग खपल्या निघतात आणि खालचं कापड उघडं पडतं. घरातल्या सोफ्यावर, बॅगेच्या पट्ट्यावर हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

यात घरी गाडी बांधणाऱ्याने नीट ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की पीयू वापरामुळे झिजत नाही, काळामुळे मोडतो. गाडी कापडाखाली झाकून शेडमध्ये उभी असली तरी तो आतून मोडतच असतो. हौसेची गाडी वर्षातले तीनशे दिवस उभीच असते, आणि तिचं काम दोन-तीन वर्षं चालतं. इंजिन, पत्रा, रंग होईपर्यंत आधीच आणून ठेवलेल्या पीयूच्या रोलचं निम्मं आयुष्य माळ्यावरच सरलेलं असतं. पॉलिकार्बोनेट जातीचा पीयू पुष्कळ टिकतो, पण किरकोळ दुकानात तो ओळखता येत नाही आणि दुकानदारालाही सांगता येत नाही.

घेताना ओळखायचं कसं

बोटभर तुकडा मागून घ्या, तो द्यायला कोणी नाही म्हणत नाही. कापलेली कड उजेडात धरा. रेक्झिनमध्ये होजिअरीच्या कापडावर प्लास्टिकचा जाड, एकसारखा थर दिसतो. पीयूमध्ये वरची कातडी कागदाइतकी पातळ आणि खाली कापड किंवा नमद्यासारखा थर. वास घ्या. नव्या रेक्झिनला प्लास्टिकचा उग्र दर्प असतो.

वजनाची खूण आणखी पक्की. बरोबर १० सेंमी × १० सेंमीचा तुकडा कापा आणि सराफाच्या काट्यावर टाका. जळगावात तरी सराफ शोधावा लागत नाही. १ मिमी जाडीचं रेक्झिन साधारण ६ ते ७ ग्रॅम भरतं, त्याच जाडीचा पीयू ४ ग्रॅमच्या आसपास.

तरी शंका असेल तर तांब्याच्या तारेची परीक्षा. वायरमधली उघडी तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत तापवा. आधी ज्योतीला येणारा रंग पूर्ण जाऊ द्या. मग लालबुंद टोक तुकड्याच्या वरच्या थराला टेकवा, कणभर चिकटेल, ते पुन्हा ज्योतीत न्या. हिरवीगार ज्योत दिसली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून करा. निघणारा धूर घशाला झोंबतो आणि चांगला नसतो.

'सेमी पीयू' नावाचा एक तिसरा माल पीयू म्हणून खपवला जातो. खाली पीव्हीसी, वर पीयूचा पातळ हात. त्याची ज्योतही हिरवी दिसते. तो वाईट नाही, पण भाव रेक्झिनचाच द्यावा.

किती घ्यायचं, कसं बेतायचं

रोलचा पन्हा बहुधा ५४ इंच, म्हणजे १३७ सेंमी असतो. पद्मिनीची पुढची-मागची बाकडी आणि दारांचे चार पॅड धरून ८ ते ९ मीटर लागतं. सीटवर उभ्या नळ्या, म्हणजे शिवून काढलेले फुगीर पट्टे, हव्या असतील तर मीटरभर जास्त. पायपिंगसाठी, म्हणजे शिलाईच्या कडेला दोरी भरून काढलेल्या गोटासाठी, ४-५ मिमी जाडीची दोरी १५ मीटर. दुकानात जाण्याआधी घराच्या फरशीवर खडूने १३७ सेंमी रुंदीचा पट्टा आखा आणि सगळे कागदी खाके त्यावर मांडून बघा. मांडताना खाके एकाच दिशेने ठेवा.

खाका जुन्या कव्हरवरूनच काढायचा. कव्हर उतरवताना फाडू नका. शिलाई ब्लेडने उसवा आणि प्रत्येक तुकड्यावर मार्करने नंबर, पुढची बाजू दाखवणारा बाण आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या खुणा करा. जुनं कव्हर वर्षानुवर्षं ताणलेलं असतं, त्यामुळे बसण्याच्या जागेचा तुकडा मूळ मापापेक्षा मोठा निघतो. त्याची लांबी-रुंदी फोमच्या मापाशी ताडून बघा, नाहीतर नव्या सीटवर पहिल्याच दिवशी सुरकुत्या. शिलाईसाठी १२ मिमी मार्जिन ठेवा. होजिअरीचं कापड आडव्या अंगाने जास्त ताणतं. तो ताण सीटच्या रुंदीत यायला हवा. एक तुकडा उभा आणि शेजारचा आडवा कापला गेला तर शिलाई वाकडी चालते, आणि मग कितीही ओढलं तरी सरळ होत नाही.

स्प्रिंगवरचं गोणपाट आणि काथ्या सडलेला असेल तर तो आधी बदला. वर ४० डेन्सिटीचा फोम बसायला, ३२ डेन्सिटीचा पाठीला. यात काटकसर करू नये. फोम दबून बसला की त्यावरचं कव्हर ढिलं पडतं, मग ते कोणतंही असो.

शिवताना

रेक्झिनला १०० ते ११० नंबरची सुई, पीयूला ९० ते १००. चामड्याची, टोकाला पातं असलेली सुई दोन्हींना नको. ती भोक न पाडता चीर पाडते. दोरा जाड पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हात कमजोर होतो. टाका ४ मिमीचा. मजबुतीसाठी बारीक टाके घालायचा मोह होतो, पण त्याने पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड नेमकं तिथूनच फाटतं. पीयूमध्ये तर हमखास.

टाका चुकला तर उसवून पुन्हा शिवता येतं, पण जुनी भोकं बुजत नाहीत. म्हणून टाचण्या न लावता कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा, आणि तुकडा खराब होऊ नये म्हणून आधी कात्रणावर दोऱ्याचा ताण बघून घ्या. घरच्या काळ्या मशीनचा दाबाचा पाय रेक्झिनला चिकटून अडतो. पायाखाली बटर पेपरची पट्टी सरकवून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. टेफ्लॉनचा पाय मिळाला तर उत्तमच.

चढवताना

इथे दोघांचा स्वभाव अगदी उलटा. रेक्झिन उष्णतेने सैल होतं. शिवलेलं कव्हर अर्धा तास उन्हात टाका, गरम असतानाच कव्हर फोमवर ओढा, कोपरे तळहाताने चोळून बसवा. थंड झालं की आवळून बसतं. जानेवारीच्या सकाळी हेच काम केलं तर रेक्झिन ताठ असतं, कोपऱ्यावर घड्या राहतात आणि जोर लावला तर शिलाई ताणून भोकं मोठी होतात. हीटगन असेल तर हातभर अंतरावरून, सतत हलवत.

पीयूवर हीटगन धरू नका. वरची कातडी आधी चमकते, मग कापडापासून फुगून सुटते. त्याला ताणही बेताचाच सोसतो. म्हणून पीयूचं कव्हर बेततानाच मापात हवं, ओढून जुळवून घेण्याची सोय नाही.

कव्हर सीटच्या सांगाड्याला अडकवायला खालून सी आकाराच्या कड्या ५ ते ७ सेंमी अंतरावर. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे. एका कोपऱ्यातून सुरुवात केली की नळ्या तिरक्या जातात.

दारांच्या पॅडचा हार्डबोर्ड खालून भिजून फुगलेला असतो. त्या जागी ३ मिमी प्लायवूड घ्या, कडांना वॉर्निश मारा. रेक्झिन मागे २५ मिमी वळवून स्टेपल करताना पिना ४ मिमीच्या घ्या. ६ मिमीची पिन पुढून टोचून बाहेर येते. दार आणि पॅड यांमधली प्लास्टिकची शीट पुन्हा लावायला विसरू नका. काचेच्या फटीतून उतरणारं पाणी तीच अडवते.

सोल्युशनचा घोळ

चपलांना वापरतात ते पिवळं रबर सोल्युशन दोन्हींना चालतं असा समज आहे. रेक्झिनमधला प्लास्टिसायझर त्या सोल्युशनमध्ये उतरतो आणि ते पुन्हा मऊ करतो. हिवाळ्यात घट्ट बसलेली कड पहिल्याच मे महिन्यात वर येते, कारण साधं सोल्युशन उन्हात तापलेल्या दारावर तसंही ढिलं पडतं. म्हणून रेक्झिनसाठी 'पीव्हीसीसाठी' असं लिहिलेलंच सोल्युशन घ्या, आणि कडा पिनांनी किंवा कड्यांनीच धरा. सोल्युशन फक्त जागेवर ठेवायला. पीयूला उलटी अडचण: सोल्युशनमधलं थिनर पातळ कापडातून झिरपून वरची कातडी फुगवतं. तिथे पातळ हात द्या, तोही कडेच्या पट्ट्यातच.

लावायचं दोन्ही पृष्ठभागांवर, १० ते १५ मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटलं नाही की दाबायचं. मे महिन्याच्या दुपारी हे मिनिटांत सुकून वर साय धरतं आणि पकड येत नाही. पावसाळ्यात उडणाऱ्या थिनरने पृष्ठभाग थंड पडून दव धरतं, तेव्हाही तेच. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे, म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी बाहेर काढता येते. बंद खोलीत मात्र करू नका, आणि जवळपास बिडी-काडी नको.

मग पीयू कुठे वापरावा

रोज वापरातल्या, रात्री छपराखाली राहणाऱ्या बंद गाडीत, जिथे पाच वर्षांनी कव्हर बदलायची तयारी आहे, तिथे पीयू बसायला खरंच सुखद आहे. कमी तापतो, पाठीला घाम कमी धरतो. स्टिअरिंगचं कव्हर, गिअरचा मोजा, हाताची टेक अशा छोट्या, सहज बदलता येणाऱ्या जागांना तो शोभतो. उघड्या जीपला मुळीच नको. हौसेच्या गाडीला रेक्झिनच, आणि जमल्यास काळं सोडून फिकट तपकिरी किंवा राखाडी. दुपारी दोनला उन्हातल्या काळ्या सीटवर बसून बघा.

निगा दोन्हींची वेगळी. रेक्झिन साबणाच्या पाण्याने पुसा. पेट्रोल किंवा थिनरने ते लख्ख होतं, पण त्यातला प्लास्टिसायझरही धुतला जातो. पीयूला डोक्याचं तेल आणि घाम मानवत नाही, म्हणून डोकं टेकतं ती जागा सगळ्यांत आधी सोलते. तिथे सुती कापड घाला, सॅनिटायझर लावू नका.

रेक्झिन आणि पीयू एकमेकांना चिकटवून, दाबून ठेवू नका. प्लास्टिसायझर पीयूत उतरतो आणि पीयू चिकट होतो. पुढे लागेल म्हणून अर्धा मीटर रेक्झिन जपून ठेवत असाल तर घडी करू नका, दाण्याची बाजू बाहेर ठेवून पाइपावर गुंडाळा. घडीवर पडलेली रेघ इस्त्रीनेही जात नाही.