बाभूळ की देवबाभूळ?

ऐन थंडीत रस्त्याकडेला काटेरी झुडपावर पिवळे गोंडे दिसले की फोटोखाली लगेच ‘बाभूळ फुलली’ असं लिहिलं जातं. बोरीची साल बाभळीला, तशातला प्रकार. ते झुडूप बऱ्याचदा देवबाभूळ असतं.

बाभळीचा मुख्य बहर पावसाळ्यातला, देवबाभळीचा हिवाळ्यातला. पण बाभूळ कधीकधी डिसेंबरपर्यंत रेंगाळते, म्हणून महिन्यावर विसंबू नका, शेंग बघा. बाभळीची शेंग चपटी, राखाडी, लवदार आणि दर दोन बियांच्या मध्ये आवळलेली, जणू मण्यांची माळच. देवबाभळीची आखूड, फुगीर, गुळगुळीत, पिकल्यावर काळपट तपकिरी. ही एक खूण कळली तरी पुरे.

शेंगा धरल्या नसतील तर गोंड्याचा देठ बघा. बाभळीच्या देठावर साधारण मध्यावर किंवा जरा वर इवल्या पानांचं एक कडं असतं. देवबाभळीत ते कडं गोंड्याला अगदी खालून चिकटलेलं असतं. पानं दोघींची संयुक्त, बारीक पर्णिकांची. काटेही दोघींचे सरळ आणि जोडीने येणारे, त्यामुळे त्यांच्यावरून फारसा उलगडा होत नाही.

बाभूळ हा वृक्ष. काळी, भेगाळलेली साल, एक ठसठशीत बुंधा. डिंक तिचा, दातवण तिचं, औताचं नि गाडीच्या चाकाचं लाकूडही तिचंच. देवबाभूळ बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलं झुडूप, फार तर चार-पाच मीटरचं. लाकडात ती बाभळीपुढे उभी राहणार नाही, पण वासात तिने बाजी मारली. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या परिसरात अत्तरासाठी तिची लागवड झाली. अत्तरवाले तिला ‘कॅसी’ म्हणतात.

नावात ‘देव’ असला तरी ती मूळची उष्ण अमेरिकेतली. कॅरिबियन बेटांवरून ती रोमच्या फार्नेसे घराण्याच्या बागेत पोचली आणि १६२५ साली त्या बागेतल्या झाडांच्या पुस्तकात तिचं वर्णन छापलं गेलं. म्हणून शास्त्रीय नावात ‘फार्नेशियाना’.

आणखी एक गंमत. शास्त्रीय नावातलं ‘अकेशिया’ आता या दोघींचंही नाही. २००५ साली व्हिएन्नात भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या वॅटल झाडांकडे गेलं आणि या दोघी ‘व्हॅचेलिया’ झाल्या. वेडी बाभूळ म्हणतात ती वेगळीच, तिला गोंडे नसून लांबट तुरे येतात.