आई बी, बाबा ए, मग बाळ ओ कसं?

मागच्या महिन्यात घोडबंदर रोडला मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. घुगऱ्या खाता खाता नेहमीचं सुरू झालं, नाक कोणावर गेलंय, रंग कोणाचा, आणि मग कोणीतरी सहज बाळाचा ब्लडग्रुप विचारला. ओ पॉझिटिव्ह. आता बहिणीचा बी आणि तिच्या नवऱ्याचा ए हे मोठ्या मावशीला पाठ. ती फक्त "अगंबाई, असं कसं?" म्हणाली आणि गप्प बसली, पण त्या गप्प बसण्यात काय होतं ते सगळ्यांना कळलं.

तर असं होतं आणि अगदी बिनधास्त होतं. आपल्या डोक्यात असतं की आईबाप म्हणजे चहा आणि दूध, एकत्र ओतलं की मधला रंग. पूर्वी शिकलेसवरलेले लोकही असंच धरून चालायचे. पण ग्रेगर मेंडेल नावाच्या मठातल्या माणसाने १८५६ पासून ब्रनोला (आता ते झेक रिपब्लिकमध्ये येतं) वर्षानुवर्षं मटार लावले, गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल, सुरकुती गायबच. मग त्याच गोल दाण्यांची पुढची पिढी काढली तर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तीनास एक. म्हणजे सुरकुती कुठे विरघळली नव्हती, नुसती दडून बसली होती. १८६६ ला हे छापून आलं आणि कोणी ढुंकून बघितलं नाही, १९०० मध्ये तिघांना वेगवेगळं तेच सापडलं तोवर हा बिचारा जाऊन १६ वर्षं झाली होती.

ब्लडग्रुपचं तसंच. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन कॉपी, एक आईकडून एक बाबांकडून. ए ची कॉपी लाल पेशीवर एक साखर चिकटवते, बी ची कॉपी वेगळी साखर, आणि ओ ची कॉपी म्हणजे बिघडलेली, बहुतेक वेळा तिच्यात डीएनएचं एकच अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे ती काहीच चिकटवत नाही. म्हणून ज्याच्याकडे एक ए आणि एक ओ आहे त्याचा रिपोर्ट ए च येतो, ओ लपलेला. बहिणीकडे बी आणि ओ, भाऊजींकडे ए आणि ओ. दोघांनी एकेक कॉपी द्यायची, कुठली ते नशीब, मग चार शक्यता: एबी, ए, बी किंवा ओ. प्रत्येकी २५ टक्के. आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी टॉस परत पहिल्यापासून, पहिलं ओ झालं म्हणून दुसऱ्याचा चान्स कमी होत नाही की वाढत नाही.

नाकाला मात्र हा हिशोब लावू नका, उंची-रंगालाही नाही, तिथे ढीगभर जनुकं मिळून काम करतात. शाळेत जीभ गोल करायचं उदाहरण द्यायचे ना, तेही सोडा, सारख्या जुळ्यांमध्येही एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही असं सापडलंय.

खरी गंमत आपल्याच शेजारी सापडली. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त मिळालं जे साध्या टेस्टमध्ये ओ दिसायचं पण ओ चं रक्तसुद्धा त्याला चालेना. त्याला बॉम्बे ब्लडग्रुप म्हणतात, भारतात साधारण १० हजारांत एक. ए-बी च्या साखरा ज्या खुंटीवर टांगायच्या ती खुंटी, एच, हीच या लोकांकडे नसते, कारण तिच्या जनुकाच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या. खुंटीचं जनुक वेगळ्याच गुणसूत्रावर असतं, त्यामुळे आत ए ची कॉपी धडधाकट असली तरी बाहेर काही दिसत नाही, आणि अशा वेळी एबी आईला ओ दिसणारं मूलही होऊ शकतं, जे एरवी जवळपास अशक्य. साध्या ओ माणसाकडे ही खुंटी असते, बॉम्बेवाल्याचं शरीर तिलाच परकी समजतं, म्हणून त्याला फक्त बॉम्बेचंच रक्त लागतं. अशा दोन बिघडलेल्या कॉपी नात्यातल्या लग्नात एकत्र यायची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं ना, त्या दोघांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच आजीआजोबांकडून आलेली असतात.

हे सगळं मावशीला पेपर नॅपकिनवर चौकट काढून दाखवलं. पटलंय असं काही वाटलं नाही. मग विचारलं, तुझा ग्रुप कुठला? ओ. आणि तुझ्या आईबाबांचा? ते तिला माहीत नव्हतं. घरी जाऊन आजीआजोबांच्या ऑपरेशनच्या जुन्या फायली काढल्या तिने, रात्री फोटो पाठवला, आजोबा ए, आजी बी. खाली काही लिहिलं नव्हतं.