पोलीस भरती : नाशिककरांनो, पळण्याआधी फाइल उघडा

पहाटे साडेपाचला गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन बघा. जाहिरात आलेली असो वा नसो, पोरं-पोरी पळतच असतात. त्यातली बरीचशी पुढे माझ्या सेवा केंद्रात फॉर्म भरायला येतात. सोळाशे मीटरचं टायमिंग सगळ्यांना तोंडपाठ, पण नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत उत्पन्न गटात नसल्याचा दाखला) कधीपर्यंत चालतं विचारलं की एकमेकांकडे बघतात.

शिपाई भरती ही महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, 2011 आणि त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांनुसार होते. मध्यंतरी लेखी परीक्षा आधी घ्यायचे, 2022 च्या दुरुस्तीनंतर पुन्हा मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, आधी आलं. शिक्षण बारावी पास. वय खुल्या गटाला 18 ते 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत. उंची मुलांना 165 सेंमी, मुलींना 155. मुलांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून आणखी 5 सेंमी.

मैदान 50 गुणांचं. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, त्याला 20 गुण. 100 मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी 15. मैदानात निम्मे गुण हवेतच, आणि तेवढ्यावरही भागत नाही. प्रवर्गातल्या एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. लेखी 100 गुणांची, 90 मिनिटं : अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. त्यात किमान 40 टक्के लागतात.

अर्ज ऑनलाइन. इथेच पहिला घोळ होतो. नाशकात दोन वेगळे घटक, म्हणजे स्वतंत्र भरती करणारी पोलीस दलं, आहेत : नाशिक शहर पोलीस आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण, ज्याचं मुख्यालय आडगावला. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. दोन्हीकडे टाकून बघू, असं चालत नाही. राहायला सिडकोत म्हणून शहरालाच भरायला पाहिजे असंही नाही. राज्यातला कुठलाही घटक चालतो. त्यामुळे आपल्या प्रवर्गाच्या जागा कुठे किती, हा तक्ता शांतपणे वाचा. मागच्या भरतीत शुल्क खुल्या गटाला 450 आणि मागासवर्गीयांना 350 रुपये होतं.

आता कागद. दहावी-बारावीची गुणपत्रकं, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला), आणि खेळाडू, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक, होमगार्ड अशा समांतर आरक्षणाचा दाखला असेल तर तोही. खुल्या गटातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी नॉन-क्रिमिलेअरची अट 2023 पासून राहिलेली नाही, तरी अजून बऱ्याच जणी त्यासाठी तहसीलला खेटे घालतात. लग्न झालेल्यांना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. 28 मार्च 2006 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्र.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती तारखेत आणि नावात. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात पाहिजे. निकालाच्या वेळी काढून देतो, हे ऐकून घेतलं जात नाही. दिंडोरीची एक ताई आली होती. बारावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि अधिवासवर वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी. तीन कागद, तीन माणसं! विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जमवताना तिची सरावाची तीन आठवड्यांची सकाळ गेली. जाहिरातीची वाट न बघता हे आत्ताच जुळवून ठेवा. फोटो-सहीच्या फाइलचा आकार वगैरे किरकोळ गोष्टी केंद्रावर होतात.

आणखी एक, कारण दर वेळी विचारतात : “निवड झाली की ट्रेनिंग त्र्यंबक रोडच्या अकादमीतच ना?” नाही. महाराष्ट्र पोलीस अकादमी 1909 पासून नाशकात आहे खरी, पण तिथे फौजदार आणि उपअधीक्षक घडतात. फौजदारकीसाठी पदवी आणि एमपीएससी. शिपायाला जावं लागतं पोलीस प्रशिक्षण केंद्रात : धुळे, जालना, अकोला, खंडाळा, जिथे पाठवतील तिथे. बॅग भरायची तयारी ठेवा.