'मियामी' लिहिलेली रेकॉर्ड घेण्याआधी

जुन्या परदेशी रेकॉर्ड्सच्या खोक्यात 'मियामी शोबँड' असे लिहिलेली लहान ४५ची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) तबकडी हाती लागली, की गिऱ्हाईक हमखास दोन गोष्टी विचारते. हा बँड अमेरिकेतला का? आणि 'मियामी' लिहिलेल्या दुसऱ्या रेकॉर्डवर गाणारा आणि हिच्यावर गाणारा, एकच माणूस का? पहिल्याचे उत्तर सोपे आहे: नाही, बँड डब्लिनचा, आयर्लंडचा. दुसऱ्याचे उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. रेकॉर्डसोबत मोफत मिळेल. रेकॉर्ड घेतली नाहीत तरी घेऊन जा.

शोबँड म्हणजे काय

आपल्याकडचा ऑर्केस्ट्रा डोळ्यांसमोर आणा. लोकांना आवडणारी गाजलेली गाणी, एकदोन नाव कमावलेले गायक, मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, गिटार, ड्रम्स, सगळ्यांचे एकसारखे चकचकीत सूट. फरक एवढाच की आपण ऑर्केस्ट्रा खुर्चीत बसून ऐकतो आणि आयर्लंडमधले लोक शोबँडसमोर नाचायचे. खुर्च्या असल्याच तर भिंतीकडेला.

१९५०च्या दशकापर्यंत तिथले नाचाचे बँड सुरावटीचे कागद स्टँडवर लावून बसून वाजवत. टायरोन परगण्यातल्या स्ट्राबेन गावच्या 'क्लिपर कार्लटन' या बँडने ते स्टँड बाजूला केले. वादक उभे राहिले, हलू लागले, मध्येच नकला करू लागले. शोबँडची सुरुवात बहुतेक जण तिथून मानतात. त्यानंतर वॉटरफर्डचा 'रॉयल शोबँड' आला आणि खरा पैसा दिसू लागला. एप्रिल १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या पॅव्हिलियन थिएटरात रॉयलचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांत बीटल्स नावाची स्थानिक पोरे होती. पुढच्याच वर्षी रॉयलचा गायक ब्रेंडन बोयर याचे 'किस मी क्विक' आयर्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

हे सगळे चालायचे नाचाच्या हॉलमध्ये. गावाबाहेर, कधीकधी तर नुसत्या माळरानावर बांधलेली ही बॉलरूम. आत दारू नाही, 'मिनरल बार'वर फक्त लेमोनेड आणि ऑरेंज. एका बाजूला पुरुष उभे, समोरच्या बाजूला बायका. बँड तीन-तीन गाण्यांचा एक संच वाजवायचा, एक संच जलद तर एक संथ. संच सुरू झाला की पुरुषांची अख्खी रांग फरशी ओलांडून पलीकडे धावायची. एखादीने नाही म्हटले तर सगळ्यांच्या देखत तेवढेच अंतर परत चालत यावे लागे. ईस्टरआधीच्या उपासकाळात हे हॉल बंद असत. मग बँड इंग्लंड-अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांमध्ये दौऱ्याला निघत. या हॉलच्या धंद्यात भरपूर पैसा होता. पुढे १९९२ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी आपली पहिली मोठी कमाई भावासोबत बॉलरूम चालवूनच केली.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. शोबँडचे नाव हा धंद्यातला माल होता. पोस्टरवर नाव लागायचे, हॉलचा मालक नावाला पैसे मोजायचा. बँडमधला वादक सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा आणायचा, त्याला जुन्याच्या मापाचा सूट शिवायचा आणि शुक्रवारी ठरलेल्या गावी पोचायचे. नाव पुसले जात नसे. म्हणून एकाच नावाच्या दोन रेकॉर्ड्स दोन वेगळ्या बँडच्या असू शकतात. मियामीच्या बाबतीत तर त्या तशाच आहेत.

डिकी रॉकचा मियामी

१९६२ मध्ये डब्लिनच्या 'डाउनबीट्स क्वार्टेट' या छोट्या बँडला मॅनेजर टॉम डोहर्टी याने हाताशी धरले, माणसे वाढवली आणि नवे नाव दिले. डब्लिनजवळ पोर्टमार्नकला समुद्रकाठी 'पाम बीच' नावाची बॉलरूम होती. अमेरिकेत पाम बीच नावाचे गाव मियामी शहराजवळ आहे. पाम बीचवर वाजवणारा बँड, मग नाव मियामी! अमेरिकेशी संबंध आहे तो एवढाच.

पहिला गायक जिमी हार्ट लवकरच गेला आणि त्याच्या जागी कॅब्रा भागातला डिकी रॉक आला. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. डिसेंबर १९६३ मध्ये 'देअर्स ऑलवेज मी' पहिल्या क्रमांकावर गेले. १९६५ मध्ये 'एव्हरी स्टेप ऑफ द वे' तर यादीत शिरले तेच थेट पहिल्या जागी, आणि आयरिश कलाकाराच्या बाबतीत तिथे असे पहिल्यांदाच घडले. मियामीच्या नावावर पहिल्या क्रमांकाची एकूण सात गाणी आहेत. पोरी स्टेजखाली उभ्या राहून ओरडायच्या, 'डिकी, थुंक माझ्यावर!' हे वाक्य आयर्लंडमध्ये आजही म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे आणि डिकीने ते जन्मभर हसून सोसले. १९६६ मध्ये तो लक्झेंबर्गला युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत आयर्लंडतर्फे 'कम बॅक टू स्टे' गायला आणि चौथा आला. स्पर्धेत चौथे आलेले हे गाणे मायदेशात पहिले ठरले.

ग्राहकांनी लक्षात ठेवायचे ते असे: या काळातल्या तबकड्यांच्या लेबलवर बहुतेक वेळा 'डिकी रॉक आणि मियामी शोबँड' असे दोन्ही मिळून छापलेले असते. गायकाचे नाव आधी, बँडचे मागून. संथ, गळा मोकळा सोडून गायलेली प्रेमगीते हवी असतील तर हीच घ्या.

१९६७ची फाळणी

त्या वर्षी जुन्या वादकांपैकी बरेच जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी 'सँड्स' नावाचा वेगळा शोबँड काढला. गायक टोनी केनी. मियामीचे नाव, मॅनेजर आणि डिकी रॉक मागे राहिले. आता गंमत बघा. डिकीच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्सवर जे वाजवणारे हात आहेत त्यांतले बरेचसे पुढे सँड्सच्या रेकॉर्ड्सवर ऐकू येतात. मियामीच्या १९६८च्या रेकॉर्डवर आवाज ओळखीचा आणि मागची मंडळी नवी. सँड्सची एखादी तबकडी आमच्या खोक्यात कधीमधी येते. तिला कोणी हात लावत नाही, आणि म्हणून ती स्वस्त मिळते. आम्ही तर म्हणू, आधी ती घ्या.

मियामीत आलेल्या नव्या माणसांत ब्रे गावचा फ्रॅन ओ'टूल होता, 'चोझन फ्यू' या बँडमधून आलेला. तो कीबोर्ड वाजवायचा आणि गायचाही. त्याचा कल सोल संगीताकडे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गाण्याकडे होता. बेलफास्टचा सॅक्सोफोनवादक डेस ली आला. हे त्याचे स्टेजवरचे नाव, खरे आडनाव मॅकअॅली. टायरोनमधल्या कॅलेडनचा ट्रम्पेटवादक ब्रायन मॅककॉय आला. १९७२ मध्ये डिकी रॉकने बँड सोडला आणि स्वतःच्या नावावर गाऊ लागला. त्यामुळे १९७२ नंतरच्या रेकॉर्डवर नुसते 'डिकी रॉक' असेल तर ती मियामीची नव्हे, आणि नुसते 'द मियामी' असेल तर ती डिकीची नव्हे. हा घोटाळा पुष्कळ जण करतात, विकणारेही.

डिकी गेल्यावर बँड बसेल असे वाटत होते. झाले उलटेच. ओ'टूल पुढे उभा राहिला, केस वाढले, सूट बदलले आणि नव्या पिढीच्या पोरापोरींना हा मियामी जास्त आपला वाटला. डब्लिनचा टोनी गेराटी गिटारवर, अँट्रिमचा रे मिलर ड्रम्सवर. १९७५ मध्ये टिपररी परगण्यातल्या कॅरिक-ऑन-शूरचा स्टीफन ट्रॅव्हर्स बास गिटार घेऊन दाखल झाला. सहा जणांत कॅथलिकही होते आणि प्रोटेस्टंटही, सीमेच्या उत्तरेचेही आणि दक्षिणेचेही. सीमेपलीकडच्या, ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये त्या काळी रोज बॉम्ब आणि गोळीबाराच्या बातम्या असत, पण मियामीच्या हॉलमध्ये दोन्हीकडची पोरे एकाच फरशीवर नाचायची.

३१ जुलै १९७५

ही तारीख रेकॉर्डच्या दुकानाच्या पत्रकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिच्याशिवाय मियामीची माणसे का बदलली हे सांगताच येत नाही.

डाउन परगण्यातल्या बॅनब्रिजला कॅसल बॉलरूममध्ये कार्यक्रम आटोपून बँड रात्री डब्लिनकडे निघाला. रे मिलर त्या रात्री आपल्या गाडीने अँट्रिमला घरी गेला. सामानाची गाडी घेऊन रोड मॅनेजर आधीच पुढे निघून गेला होता. उरलेले पाच जण फोक्सवॅगन मिनीबसमध्ये होते. न्यूरीच्या अलीकडे बस्कहिल इथे रस्त्यावर लाल दिवा हलताना दिसला. सैन्याची नाकाबंदी. उत्तरेत हे रोजचेच होते, त्यामुळे कोणी दचकले नाही. पाचही जणांना उतरवून रस्त्याकडेच्या चरापाशी, रस्त्याकडे पाठ करून उभे केले.

ती नाकाबंदी खोटी होती. गणवेशातली माणसे यूव्हीएफ या प्रोटेस्टंट निमलष्करी टोळीची होती आणि त्यांतले काही जण अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट या ब्रिटिश सैन्याच्या पलटणीतही नोकरीला होते. बँड उभा असताना दोघे बसमध्ये बॉम्ब ठेवत होते. बस पुढे गेल्यावर तो फुटावा, म्हणजे बँडवालेच बॉम्ब नेत होते असे जगाला वाटेल, असा हा डाव होता. बॉम्ब हातातच फुटला. ठेवणारे दोघे जागीच ठार झाले, वादक स्फोटाने चरात फेकले गेले. मग बाकीच्यांनी गोळीबार केला. फ्रॅन ओ'टूल, टोनी गेराटी आणि ब्रायन मॅककॉय मारले गेले. स्टीफन ट्रॅव्हर्स गंभीर जखमी होऊन मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला. डेस ली रस्त्यावर येऊन येणाऱ्या वाहनाला हात करत न्यूरीला पोलिसांपर्यंत पोचला.

दोनच दिवसांपूर्वी, २९ जुलैला, रॉयल शोबँडमधून नाव झालेला गायक टॉम डन्फी मोटार अपघातात गेला होता. त्या एका आठवड्यात आयर्लंडच्या शोबँड जगाने चार माणसे गमावली.

या हल्ल्याबद्दल तिघांना जन्मठेप झाली, दोघांना १९७६ मध्ये आणि तिसऱ्याला १९८१ मध्ये. २०११ मध्ये जुन्या खटल्यांचा फेरतपास करणाऱ्या पोलिसी पथकाच्या अहवालाने सुरक्षा दलांशी असलेल्या लागेबांध्यांविषयी गंभीर शंका नोंदवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयात तडजोड झाली आणि वाचलेल्यांना व मृतांच्या कुटुंबांना मिळून सुमारे १५ लाख पौंड नुकसानभरपाई ठरली. घटना आणि भरपाई यांच्यामध्ये ४६ वर्षे गेली.

त्यानंतर

बँड काही महिन्यांत पुन्हा उभा राहिला. डेस ली, ट्रॅव्हर्स आणि मिलर परत स्टेजवर आले, बाकी नवी माणसे घेतली. त्याच नावाने पोस्टर लागले आणि लोक आले, पण बरेच जण नाचायला कमी आणि बघायला जास्त. दक्षिणेतले बँड उत्तरेत जायला कचरू लागले होते. त्यातच हॉटेलांना दारूचा परवाना होता, डिस्को आले होते, आणि लेमोनेडवर चालणारा हॉल रिकामा पडू लागला होता. एकेक माणूस निघून गेला. १९८२ मध्ये डेस ली दक्षिण आफ्रिकेला गेला.

डब्लिनच्या पार्नेल स्क्वेअरला, जिथे पूर्वी नॅशनल बॉलरूम होती त्याच्या जवळ, डिसेंबर २००७ मध्ये बँडचे स्मारक उभे राहिले. डिकी रॉक डिसेंबर २०२४ मध्ये वारला, वयाच्या ८८व्या वर्षी.

घेताना काय बघावे

आधी लेबल वाचा, कव्हर नंतर. कव्हरवरचा फोटो आणि आतला आवाज एकाच वर्षाचे असतील याचा भरवसा नाही. वेगवेगळ्या शोबँडची गाणी एकत्र करून नंतर काढलेल्या एलपींवर तर फोटो बिनदिक्कत कुठलाही टाकलेला असतो. गायकाचे नाव आणि छापलेले वर्ष ही जोडी जुळते का ते पाहा. १९७२ ही रेघ, तिच्या अलीकडे डिकी, पलीकडे जुलै १९७५ पर्यंत ओ'टूल.

१९६०च्या दशकातल्या ब्रिटन-आयर्लंडच्या ४५ ज्या येतात त्यांच्या मधे प्लास्टिकचा दाबून काढता येणारा भाग असतो. ज्यूकबॉक्ससाठी तो काढलेला असेल तर भोक मोठे दिसते. ती खराबी नव्हे. मोठ्या भोकाची रेकॉर्ड लावायला चकती लागते, ती आमच्याकडे मिळेल. अशा ज्यूकबॉक्समधून आलेल्या रेकॉर्डची पहिली काही वळणे बऱ्याचदा झिजलेली असतात, तेव्हा सुरुवात ऐकूनच घ्या. त्या काळच्या बहुतेक ४५ मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. एकाच कानात आवाज येत असेल तर दोष तबकडीचा नाही, तुमच्या जोडणीचा आहे.

किमतीबद्दल स्पष्ट सांगतो. डिकीच्या रेकॉर्ड्स भरपूर विकल्या गेल्या होत्या, म्हणून आजही सापडतात आणि महाग नसाव्यात. ओ'टूलच्या काळातल्या कमी आहेत. आमच्या कानाला त्याच्या गाण्यात जास्त जीव वाटतो, पण हा आवडीचा भाग झाला. कोणी '१९७५ची शेवटची रेकॉर्ड' म्हणून अव्वाच्या सव्वा भाव सांगितला, तर लेबलचा फोटो काढून आम्हाला दाखवा. आमच्याकडून घ्या किंवा कोणाकडूनही, कोणत्या मियामीची आहे ते सांगायचे पैसे पडत नाहीत. ऐकण्यासाठी मागच्या टेबलावर टर्नटेबल लावलेले असते. सुई मात्र आम्हालाच ठेवू द्या.